बैलाच्या पाठीवरचा दाणा

आबांच्या घरचा पलंग सध्या एका कोपऱ्यात विटांवर उभा आहे, ही बातमी आमच्या ओळीत सगळ्यांना ठाऊक झाली. ज्यांनी झाकायची त्यांनीच, म्हणजे आबांच्या घरच्या काकींनी, ती नळावर फोडली. "जुनं सागवान हाय मनून पाय सोडवला बगा. नातीला तान्ह्या पोळ्याला बैल पायजे मनं. आता पलंगावर मी झोपू का नगं, ते कुणी इचारंना!"

आबा मूळचे नांदेडकडचे. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातली कितीतरी कुटुंबं माणिकगडच्या पहाडावर चढली, त्यात त्यांचे वडील होते. त्यामुळे पहाडावरच्या आमच्या जिवतीत कुंपणाच्या एका बाजूला 'कामून' आणि दुसऱ्या बाजूला 'काहून' ऐकू येतं, आणि मधे राहणाऱ्या माझ्यासारखीला दोन्ही भाषांतून फुकट सल्ले मिळतात. तान्हा पोळा मात्र आबांच्या मुलखातला नाही. तो इकडचा, वऱ्हाड-नागपूर-चांद्याचा. खऱ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी बैल सजवून ओढत न्यायचे आणि घरोघरी बोजारा, म्हणजे सणाचे पैसे, मागायचा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ मध्ये तो सुरू केला असं मानतात. आबांच्या मुलांनी हा सण पाहिला, नातीने तो गळ्यात बांधून घेतला, आणि आता आबा आमच्यापेक्षा जास्त हौशी झाले आहेत. नवा माणूस गावच्या देवाला जास्त नमस्कार करतो म्हणतात ते खोटं नाही.

"अहो, पण पलंगाचाच पाय का?" मी विचारलं.

"मंग काय रानातून तोडून आणू? फॉरेस्टवाले इचारतील, पास कुठं हाय?"

खरं आहे. सागाच्या मुलखात राहून सागाचा तुकडा मिळवणं म्हणजे कागदपत्रांचं काम. इकडचंच सागवान २०२३ मध्ये बल्लारशाहून वाजतगाजत अयोध्येला गेलं, राममंदिराच्या दारांसाठी. पूजा झाली, मिरवणूक निघाली, चंद्रपूरला तेव्हा नुसता उत्सव होता. पलीकडच्या कुंपणावरून मावशींनी त्यावर लगेच शेरा मारला.

"त्या दाराले वरून सोनं चढवलं बापा. सोनंच चढवाचं तर घासून गुळगुळीत केलं असन का नाई?"

"केलं असणारच मावशी. खाली खडबड असली तर पत्रा ती झाकत नाही, वर दाखवतो."

"हो न? मंग हेच यायले सांग." आणि त्यांनी आबांच्या हाताकडे बोट दाखवलं.

आबांच्या हातात बैल होता. सुंदर काम. गडचांदूरच्या एका वाढयाने, म्हणजे सुताराने, कोरलेला, वशिंड भरदार, मान किंचित वळलेली, पायाखाली चाकांची पाटी. कोरून, रंधून दिला, पण पॉलिश करायला वाढयाला सवड नव्हती. पोळ्याच्या तोंडावर सगळ्या तालुक्याचे बैल त्याच्याकडे उभे असतात. म्हणून आबांनी चपडा लाख आणली, पाव किलोला लिटरभर स्पिरिट या मापाने एका बाटलीत भिजवून ठेवली, आणि सुती फडक्याच्या बोळ्याने तीन हात दिले. रंग झकास आला होता, गडद मधासारखा. पण पाठीवरून हात फिरवला की बोटाला बारीक बारीक दाणे लागत.

आबांच्या दुसऱ्या हातात भांडी घासायची हिरवी घासणी होती.

"थांबा!" मावशी इतक्या जोरात ओरडल्या की आमच्या गल्लीतलं कुत्रं उठून बसलं.

मावशींचं माहेर मूलकडचं, आणि वडील वाढई. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा सोबत पितळी भांड्यांबरोबर ज्ञानही घेऊन आल्या, आणि ते ज्ञान त्या कधी कुलपात ठेवत नाहीत. त्यांचं म्हणणं असं की घासणी मऊ दिसते ती फक्त बोटाला. त्या हिरव्या जाळीत कठीण खनिजाचे कण चिकटवलेले असतात, म्हणून तर करपलेली कढई निघते. लाख त्याच्यापुढे काय टिकणार? दाणे जातील, पण त्या जागी असे ओरखडे पडतील की उन्हात बैल धरला तर अंगावर कोळ्याचं जाळं दिसेल. तारेची घासणी तर आणखी वाईट. तिचा तुटलेला तुकडा सागाच्या छिद्रात अडकला आणि वर ओल लागली, की लोखंड आणि लाकडातला कस मिळून काळा डाग करतात, तो मग तासल्याशिवाय जात नाही.

"पण हे दाणे आले कुठून?" आबांनी विचारलं. "मी तर लई मन लावून केलं."

"मनाचं काय करता? हवेचं पाहा." मावशींनी एकेक बोट मोजत सांगायला सुरुवात केली. पहिला हात दिला की लाकडाचे दाबलेले तंतू ओल पिऊन उभे राहतात. ते वाळले की टोचतात. त्यात ओल्या पॉलिशवर धूळ बसते, चिलटं बसतात, फडक्याचे धागे बसतात. प्रत्येकावर पुढच्या हाताचं पॉलिश चढतं आणि तो दाणा मोठा होतो. म्हणजे दोष पॉलिशचा नसतो, दोन हातांच्या मधल्या घासण्याचा असतो. घासायचा तो फक्त दाण्याचा शेंडा. पॉलिश घासायचं नसतं.

दुकानात त्यासाठी पॉलिश पेपर मिळतो हे आबांना माहीत होतं. उघड्या लाकडाला ऐंशी, मग एकशेवीस, मग दोनशेवीस नंबर. दोन हातांच्या मधे तीनशेवीस-चारशे. नंबर जितका मोठा तितका कागद बारीक. पण जिवतीच्या दुकानात त्या दिवशी दोनशेवीसच्या पुढे काही नव्हतं, घाट उतरून गडचांदूरला जायचं तर पाऊस कोसळत होता, आणि पोळा तोंडावर आलेला. मग घरात शोधाशोध. गप्पांची खरी मजा इथून सुरू झाली, कारण घरात काय काय खरखरीत आहे याची यादी करायला बसलं की माणसाला स्वतःच्या घराची नव्याने ओळख होते.

मी म्हटलं, "वहीला घालायचं खाकी कव्हर आहे माझ्याकडे."

मावशींनी ते मंजूर केलं. खाकी कागद कडक, तंतू जाड. चुरगाळून पुन्हा सरळ करायचा, हाताएवढी घडी करायची आणि पाठीवरून नुसता वजन न टाकता फिरवायचा. दाण्याचे शेंडे खुडले जातात, बाकी पॉलिशला काही होत नाही. एका बाजूला प्लास्टिकची चकाकी असलेला कागद मात्र नको, तो घसरतो. साध्या वहीच्या पानाचंही हेच. लिहायला गुळगुळीत व्हावा म्हणून कागदात पांढरी माती नाहीतर खडूची पूड घालतात. कापड कापायच्या कात्रीने कागद कापला तर शिंपी अंगावर येतो ते उगाच नाही, धार त्या पुडीनेच जाते. बल्लारपूरची पेपर मिल आपल्याच जिल्ह्यात, आपल्या बांबूवर वाढलेली. तिचा कागद आपण मुलांच्या परीक्षेला वापरतो, बैलाच्या पाठीला वापरायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

आबांनी कागद फिरवला. पाठ साफ झाली. पण मानेच्या वळणात, शिंगांच्या बुडाशी आणि पोटाखाली पायांच्या मधे कागद जाईना.

"पारिजातकाचं पान आणा," मावशी म्हणाल्या.

हे मात्र मला नवीन होतं. आमच्या अंगणात पारिजातक आहे, सकाळी फुलं वेचतो, पानाकडे कोण बघतं? मावशींनी एक पान माझ्या हातावर उलटसुलट घासून दाखवलं. मांजराची जीभ! वरच्या बाजूला बारीक ताठ केस असतात. पूर्वी लाकूड आणि हस्तिदंत याच पानांनी घासत. पहाडावर रानात तो आपोआप उगवतो, त्यामुळे जुन्या कारागिरांना कागद विकत घ्यायची गरजच नव्हती. ताजं पान वापरलं तर हिरवा रस लागतो, कडकडीत वाळलं तर चुरा होतो. एक दिवस सावलीत टाकून कोमेजलं की बोटाभोवती गुंडाळायचं आणि मानेच्या वळणात फिरवायचं. सागाचं पानही खरखरीतच असतं, पण आकार सुपाएवढा आणि जातीने अडदांड. ते उघड्या लाकडाला ठीक, पॉलिशला नाही. खुद्द सागाच्या लाकडातही रेतीची जात असते, म्हणून तर रंध्याची पाती इतक्या लवकर बोथट होतात.

पानांवरून मला चन्नपट्टणची खेळणी आठवली. तिथे चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची कांडी लावतात, घर्षणाने ती वितळून बसते, आणि मग केवड्याच्या जातीचं सुकं पान दाबून धरतात. लाख आरशासारखी होते. कागद नाही, पूड नाही. मावशींना सांगितलं तर म्हणाल्या, "मंग मी काय येगळं सांगून राह्यली?"

एवढ्यात आबांच्या घरच्या काकी बाहेर आल्या आणि त्यांनी खरी गोम दाखवली. बैलाच्या पाटीवर एक पांढरा गोल डाग होता. आबांनी पॉलिश वाळत ठेवलं, आणि चहा प्यायला जागा म्हणून पेला त्याच पाटीवर टेकवला. लाखेला दोन गोष्टी सोसत नाहीत, आच आणि ओल; गरम पेला दोन्ही एकदम देतो.

"राखेनं घासते मी," काकी म्हणाल्या. "भांडी निघतात तर डाग न्हाई निघणार?"

या एका वाक्यावर कुंपणापाशी पाऊण तास गेला.

राख ही घरातली सगळ्यात जुनी पॉलिशची पूड. पण पाण्यात कालवून लाखेवर घातली तर घात. साबण महाग होता तेव्हा राखेचं निवळलेलं पाणी कपड्यांना लावत. हात बुळबुळीत होत, मळ सुटे. तो बुळबुळीतपणा क्षाराचा. आणि लाख क्षारात विरघळते. स्पिरिटइतकीच गुमान. म्हणजे राख आणि पाणी घेऊन घासलं तर तुम्हाला वाटतं डाग घासला, प्रत्यक्षात पॉलिशच धुऊन निघतं. मावशींच्या कुणा नातलगाकडे असंच झालं होतं. लाल बैल पांढुरका झाला आणि पोर रडत बसली. कोणाकडे, ते त्यांनी सांगितलं, पण मी इथे लिहीत नाही. पोळ्याला तेही येणार आहेत.

"मंग राख फेकायची?"

"फेकू नका. धुवा."

मावशींनी काकींना परातीत राख घ्यायला लावली. गोवऱ्यांची, पांढरी, कोळसे काढलेली. वर भरपूर पाणी ओतलं, हाताने ढवळलं. जड रेती लगेच तळाला बसली, आणि गढूळ पाणी त्यांनी दुसऱ्या भांड्यात ओतून घेतलं. त्या पाण्यातली राख अर्धा तास निवळू दिली, वरचं पाणी टाकलं, नवं घातलं. पुन्हा निवळू दिलं. दर वेळी दोन बोटं पाण्यात बुडवून चोळत होत्या. बोटं बुळबुळीत लागायची थांबली तेव्हा म्हणाल्या, "आता हे बापडं झालं." उरलेला साका कापडावर पसरून वाळवला आणि पातळ धोतराच्या तुकड्यातून गाळला. वैद्य म्हणतात तशी वस्त्रगाळ पूड. बोटांच्या चिमटीत घेतली तर काही आहे की नाही हे कळू नये इतकी मऊ.

त्यात खोबरेलाचे दोन थेंब, पाणी अजिबात नाही. जुन्या मऊ कापडाचा बोळा, एकच बोट, आणि डागावर गोल गोल. घासायला लागल्यावर डाग आधी पसरल्यासारखा दिसतो, माणूस घाबरतो आणि जोर करतो. तिथेच थांबायचं असतं. आबांनी अर्थात जोर केलाच, तेव्हा काकींनी बैल त्यांच्या हातातून काढून घेतला. थोड्या वेळाने डाग फिका पडला, मग गेला. ओल फक्त वरच्या थरात शिरलेली असते. तेवढा थर सोलला की खालची लाख नितळ असते. शेवटी सगळं तेल कोरड्या कापडाने पुसून घ्यायचं, नाहीतर पुढचा हात तिथे धरत नाही.

शिंगांच्या बुडाशी मात्र बोट जाईना. मावशींनी परकराची जुनी सुती नाडी मागितली. तिला तेल आणि राख चोळली, शिंगाभोवती एक वेढा दिला आणि दोन टोकं धरून आळीपाळीने ओढली, चांभार बुटाला फडकं ओढतो तशी. काळोख्या खाचेतला दाणा असा गेला की आबा म्हणाले, "हे तर लई भारी झालं!"

आता सगळ्यांना उत्साह आला होता आणि सगळ्यांना आपापलं दंतमंजन आठवू लागलं. पांढऱ्या पेस्टमध्ये खडूच्या जातीची पूड असते, काहींत बारीक सिलिका. दोन्ही लाखेला पुरेशा बारीक. पण पेस्टमध्ये पाणी आणि साबण असतो, म्हणून लाखेवर कमी, तेलाच्या रंगावर किंवा दुकानी व्हार्निशवर बिनधास्त. लाल दंतमंजनात गेरू असतो. गेरू म्हणजे लोखंडाचा तांबडा गंज, आणि त्याचीच शुद्ध, बारीक पूड सोनार दागिन्याच्या शेवटच्या झळाळीला वापरतात. सागाच्या छिद्रांत ती बसली तरी रंगात रंग मिसळून जातो. पांढऱ्या लाकडाला लावलीत तर मात्र लाल ठिपके मोजत बसा.

"आन् रांगोळी?" काकींनी विचारलं.

रांगोळीबद्दल मावशी सावध होत्या. रांगोळी कुठल्या दगडाची त्यावर सगळं. त्यांनी तिथल्या तिथे परीक्षा घेतली. चिमूटभर रांगोळी रिकाम्या काचेच्या बाटलीवर ओल्या बोटाने घासली, बाटली धुतली आणि उजेडात धरली. काचेवर बारीक धुरकट रेघा उठल्या होत्या. म्हणजे त्यात गारगोटी. जी पूड काचेला ओरखडते ती लाखेला सोडणार नाही. खडूची पूड घासली, काच जशीच्या तशी. मला ही परीक्षा फार आवडली. घरातलं म्हणजे सौम्य, असा आपला एक समज असतो. हळद-बेसनाच्या जाहिरातींनी तो पक्का केला आहे. पण घरात चुना असतो, घासणी असते, राखेत क्षार असतो. लाकडाला ते घरातून आलं की दुकानातून, याच्याशी देणंघेणं नाही.

भाताच्या तुसाची राखही चालते असं मावशी म्हणाल्या, माहेरी त्यांच्या वडिलांकडे तीच होती. मूल-सिंदेवाहीकडे भाताचा ढीग, गिरणीबाहेर तुसाचे डोंगर. त्या राखेत बहुतेक सगळी सिलिका, म्हणून ती गोवरीच्या राखेपेक्षा कडक चावते. इकडे पहाडावर कापूस, तूर, ज्वारी. तूस आणायचं कुठून?

हवेचा मुद्दा राहिलाच होता. आबांनी तिसरा हात भर पावसात, संध्याकाळी दिला होता, आणि पोटाकडच्या बाजूला पॉलिश धुकं धरल्यासारखं पांढुरकं झालं होतं. स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, दमट हवेतली ओल त्यावर बसते आणि लाखेत अडकते. आबांचा बेत होता बैल चुलीजवळ धरायचा.

"बापा बापा! स्पिरिटची बाटली अन् चूल?" मावशींनी कपाळावर हात मारला. "बैलासंगं तुमी बी पेटान."

उघडीप पडेल त्या दिवशी दुपारी, स्पिरिटने जेमतेम ओलसर केलेला बोळा वरून एकदा फिरवायचा. लाख क्षणभर सैल होते, ओल निघून जाते. उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यात याच्या उलट. पारा सत्तेचाळीसवर असताना स्पिरिट बोळ्यातच उडतं आणि फडका पॉलिशवर अडकतो. म्हणून वाढयाला खरा पॉलिशचा हंगाम विचारला तर तो दिवाळीनंतरचा सांगतो. पण तान्हा पोळा भाद्रपदाच्या पहिल्याच दिवशी येतो, त्याला काय करणार.

काकींना एव्हाना पलंगाची आठवण झाली होती. उरलेल्या तीन पायांना जवसाचं तेल लावू का, असं त्यांनी विचारलं. लावा, म्हणाल्या मावशी. जवसाचं तेल हवेत सुकून घट्ट होतं, म्हणून ते लाकडाला चालतं. मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल कितीही लावलं तरी ओशटच राहतं, धूळ धरतं. फक्त तेलाचा फडका बोळा करून कोपऱ्यात टाकायचा नाही. सुकताना तो आतून तापतो आणि आपोआप पेटू शकतो. दोरीवर पसरून वाळवायचा, नाहीतर पाण्यात बुडवायचा. हे ऐकून काकींनी आबांकडे असं पाहिलं, की घरात आजवर झालेल्या सगळ्या आगींचा उलगडा झाला.

परवा उघडीप होती. शेवटचा हात दिला गेला, दोन दिवस वाळला, आणि मग मधाच्या पोळ्याचं मेण टर्पेंटाइनमध्ये विरघळवून नखभर चोळलं. लाख पुरती कडक व्हायला आठवडा हवा होता, पण नात आठवडा कुठला थांबते. तिने बैलाचं नावही ठेवून टाकलं आहे आणि ते कोणालाच सांगत नाही.

मावशी तपासायला आल्या. त्यांची तपासणी पाहण्यासारखी असते. उजव्या हातावर दुधाची रिकामी पातळ प्लास्टिक पिशवी चढवली, डोळे मिटले, आणि वशिंडापासून शेपटापर्यंत हात सावकाश नेला. उघड्या बोटाला कातडीचा ओढा जाणवतो आणि दाणा त्यात हरवतो. पिशवीवरून हात सरकतो आणि एवढासा दाणाही टोचतो. पाठीवरून गेला, पोटाखालून गेला, मानेच्या वळणात थोडा रेंगाळला.

"कसा हाय?" आबांना राहवेना.

"हाय बरा."

"बरा? आहो, पयला नंबर येतंय का न्हाई ते सांगा! आन् बोजारा किती देणार आमच्या पोरीला?"

मावशींनी डोळे उघडले नाहीत. हात पुन्हा मानेपाशी नेला.

"वीस रुपये," त्या म्हणाल्या. "अन् इथं एक दाणा हाय, त्याचे पाच कापले."

आबा आत पळाले, नाडी शोधायला.